गंगेवर उभं राहून अलंकार शिकताना: कवितेच्या नवख्या वाचकासाठी

नाशिकचा माणूस "जरा गंगेवर जाऊन येतो" म्हणाला, तर तो पाण्यावरून चालणार नसतो आणि ती नदी गंगाही नसते. नदी गोदावरी, आणि जायचं असतं तिच्या काठी. एवढ्याशा वाक्यात दोन अर्थ जागचे हललेले असतात, तरी ऐकणारा अडखळत नाही. गंमत अशी की संस्कृत काव्यशास्त्रात 'लक्षणा' शिकवताना पिढ्यानपिढ्या दिलं जाणारं उदाहरण जवळपास हेच आहे: 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा कसा उभा राहील? म्हणून तिथे गंगा म्हणजे गंगेचा काठ. 'बुधवारी गंगेवर बाजार असतो' म्हणणाऱ्या भाजीवाल्या मावशी रोज तेच बोलतात. त्यांना फक्त त्याचा पेपर लिहायचा नसतो.

मला लिहायचा होता. 'उपमेय हे जणू उपमानच आहे असे वर्णन असते तेव्हा…' ही व्याख्या मी शाळेत इतकी घोकली होती की झोपेतही म्हटली असती. मार्क मिळाले. कविता मात्र पुढची दहा वर्षं माझ्याशी बोलली नाही. आता आम्ही पाच-सात जण रविवारी सकाळी एकाच्या घरी जमून कविता वाचतो, आणि नव्यानं येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच विचारतो: "अलंकार ओळखायचे कसे?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा आग्रह एकच आहे. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी कान, मग बोटं, मग डोकं.

पहिल्यांदा मोठ्यानं वाचा

मनातल्या मनात वाचलेली कविता अर्धीच वाचलेली असते. दार लावून घ्या आणि तीनदा मोठ्यानं वाचा. पहिल्या वेळी अर्थाचा विचारच करायचा नाही. कुठलं अक्षर पुन्हा पुन्हा येतंय, तेवढं पेन्सिलीनं गोल करत जा. मोरोपंतांची ही ओळ घ्या:

सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो

पहिल्या अर्ध्या भागात 'स'ची रांग लागली आहे. एकाच वर्णाची अशी आवृत्ती म्हणजे अनुप्रास. 'घडो'ला 'पडो' येऊन मिळतो, ते यमक. इथपर्यंत सगळेच येतात आणि इथेच थांबतात. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा: या आवाजानं इथे काय साधलं? 'स' घासत नाही, आपटत नाही. मागणं सौम्य आहे, तसा आवाजही सौम्य आहे. त्या जागी ट-ठ-ड आणून बघा, प्रार्थनेची धमकी होते. असं उत्तर सापडलं तर अनुप्रास कामाचा. नाही सापडलं तर ती नुसती अक्षरांची आरास, आणि तसंही बिनधास्त म्हणावं.

यमक ऐकायला पुस्तकच हवं असं नाही. लग्नात उखाणा ऐकताना सगळ्यांचे कान दुसऱ्या ओळीच्या शेवटाला टपलेले असतात:

पंचवटीच्या पारावर पाच वडांची सावली,
रावांचं नाव घेते, पाठीशी आहे माउली

'सावली' म्हटल्याबरोबर 'माउली' येणार हे मागच्या रांगेतल्या काकूंना आधीच ठाऊक असतं. यमकाचं सुख त्या वाट बघण्यात असतं. त्याचा कंटाळाही तिथेच सुरू होतो, हे पुढे स्वतः लिहायला बसलात की कळेल.

मग बोटं मोजा

या पायरीला लोक उगाच घाबरतात. सोप्यापासून सुरुवात करू. अभंगात अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं:

सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया

सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं: विटेवरी, कटावरी. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे, म्हणून तिथे श्वास थांबतो. टाळ त्या रिकाम्या जागेत पडतो. तुकोबांचा एखादा अभंग तुम्हाला नुसता ऐकून पाठ झाला असेल, तर श्रेय या मापालाही द्या.

अक्षरगणवृत्तात आणखी एक गोष्ट मोजतात: अक्षर लघु की गुरू. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असतील तर लघु. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असतील तर गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू. आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला, तर ते मागचं अक्षरही गुरू. आता मनाचे श्लोक:

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे

म-ना-सज्, ज-ना-भक्, ति-पं-थे, चि-जा-वे. चार वेळा तोच तुकडा आला: लघु, गुरू, गुरू. लगागा लगागा लगागा लगागा. लघु-गुरू-गुरू या तुकड्याला य गण म्हणतात, आणि चार य गणांच्या, बारा अक्षरांच्या या वृत्ताला भुजंगप्रयात. नाव नागाच्या चालीवरून आलंय. मांडीवर ठेका धरून म्हणा, ती नागमोडी चाल तिथेच हाताला लागते.

आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच रविवारी या मापात एक ओळ बांधायला लावतो. अर्थ कितीही बाळबोध असला तरी चालतो. मी सुरुवात करून दिली होती:

नदीच्या किनारी बसावे सकाळी
जुन्या ओळखीने पुसावी खुशाली

माप बसलं. एका मुलीनं लगेच हरकत घेतली: 'जुन्या'त जोडाक्षर आहे, मग 'जु' गुरू नको का? प्रश्न चांगला होता. 'सज्जना' म्हणताना 'स'वर जोर पडतो, 'जुन्या' म्हणताना 'जु'वर पडत नाही, म्हणून तो लघुच राहतो. नियमाचा निवाडा शेवटी जिभेवर होतो. तिनं दुसरी हरकतही घेतली, ती मात्र मला मान्य करावी लागली: 'सकाळी'ला 'खुशाली' जुळत नाही. 'ळी' आणि 'ली' कागदावर शेजारी वाटतात, पण मराठी कान ते एक मानत नाही.

मुक्तछंदात ही मोजणी लागत नाही, पण लय असतेच. ओळ कुठे तोडली आणि तिथेच का तोडली, एवढं बघा. तूर्त पुरे.

शब्द कुठे सरकला ते शोधा

आता डोकं. प्रत्येक ओळीला विचारायचं: हे शब्दशः खरं आहे का? खरं असेल तर पुढे चला. नसेल तर तिथे बोट ठेवा.

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती बघितला असेलच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर त्याच्यावरून पूर मोजतं. समजा, कुणी म्हणालं, "दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलं." शब्दशः अर्थ: मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलं. ही अभिधा. हेच वाक्य सराफ बाजारातल्या दुकानदाराला फोनवर ऐकू आलं की त्याला ऐकू येतं: खालच्या कप्प्यातला माल वर घे. तसं कुणी म्हटलेलं नाही, तरी ते पोचलं. ही व्यंजना. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी बघितले, त्यांना व्यंजना वेगळी शिकवायला नको. आणि मघाचं 'गंगेवर' ही लक्षणा: शब्दशः अर्थ अडला, म्हणून त्याला लागून असलेला अर्थ घेतला.

अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन शब्दशक्ती. त्या नीट कळल्या की अलंकारांचं अर्धं काम होतं. चांगल्या कवितेचं बरंचसं वजन तिसरीवर असतं, म्हणून 'या कवितेचा सरळ अर्थ सांगा' म्हणणाऱ्याला उत्तर देताना जीभ अडखळते.

एक मिसळ, नऊ अलंकार

तुलनेचे अलंकार सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्यात माझी शाळेत कायम अदलाबदल व्हायची. पुढे एकदा काळ्या मसाल्याची मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं आणि हा घोळ तिथल्या तिथे सुटला. समोर दोनच गोष्टी आहेत: रस्सा आणि विस्तव. ज्याच्याबद्दल बोलायचं तो रस्सा, म्हणजे उपमेय. ज्याच्याशी तुलना तो विस्तव, म्हणजे उपमान. दोघांतला सारखा गुण जहालपणा, तो साधारणधर्म. आणि 'सारखा', 'सम', 'जसा', 'परी' हे जोडणारे शब्द, ते साधर्म्यवाचक. आता या दोघांमधलं अंतर कमी-जास्त करत जाऊ.

"रस्सा विस्तवासारखा जहाल आहे." दोघं शेजारी उभे आहेत, मध्ये 'सारखा'ची भिंत. उपमा.

"रस्सा जणू विस्तवच." भिंत पातळ झाली, एक कल्पनेची उडी घेतली. उत्प्रेक्षा. जणू, गमे, वाटे, भासे हे शब्द तिच्या आसपास घुटमळतात.

"वाटीतला हा विस्तव पावाला लावून खाल्ला." भिंत गेली, दोन्ही एकच झाले. रूपक.

"हा रस्सा नव्हेच, विस्तव आहे." उपमेय साफ नाकारलं. अपन्हुती.

"रस्सा म्हणावा की विस्तव?" निर्णयच होईना. ससंदेह.

वाटी समोर आली आणि मी घाबरून पाण्याची बादली शोधायला उठलो. खरोखरच विस्तव समजून वागलो. भ्रांतिमान.

"विस्तव परवडला, रस्सा नको." उपमेयानं उपमानावर मात केली. व्यतिरेक.

"पहिल्या घासाला कानांतून धूर निघाला, गल्लीत लोक बंब बोलवायला धावले." अतिशयोक्ती.

"नाशिकची मिसळ म्हणजे नाशिकची मिसळ!" तुलनेला दुसरं काही सापडलंच नाही. अनन्वय.

या यादीवर एक-दोन टिपा. शब्दावरून अलंकार ठरवू नका. 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा असा ठोकताळा परीक्षेत बऱ्याचदा तारतो आणि कवितेत कधीकधी बुडवतो. अंतर किती आहे ते बघा. आणि व्यतिरेक ओळखायचा सराव हवा असेल तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाकडे जा: 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके'. माउलींनी आपल्या भाषेला अमृताशी पैज लावायला पाठवलं आणि ती जिंकते असंही सांगून टाकलं. नम्र माणसाचा एवढा मोठा दावा मराठीत दुसरा सापडणं कठीण.

बाकीचे अलंकार वाचता वाचता सापडतील. कवी 'बी' यांच्या कवितेतला चाफा बोलत नाही, चालत नाही, खंत करतो. निर्जीवाला किंवा झाडापेडाला माणसासारखं वागवलं की चेतनगुणोक्ती. भा. रा. तांब्यांचं 'मरणात खरोखर जग जगते' हा विरोधाभास: वरवर भांडण, आत समेट. 'लहानपण देगा देवा' म्हणून लगेच मुंगीला साखर आणि ऐरावताला अंकुश दाखवणं, हा दृष्टांत. अकराच्या कार्यक्रमाला साडेबाराला आलेल्या पाहुण्यांना "वा, काय वक्तशीर!" म्हणणं, ही व्याजस्तुती. श्लेष, म्हणजे एकाच शब्दात दोन अर्थ, मात्र डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडतो. नलाच्या विरहानं आजारी दमयंती म्हणते, 'औषध नलगे मजला'. आईला ऐकू येतं, औषध नको. मुलगी म्हणतेय, माझं औषध नल गे! फरक फक्त दोन अक्षरांमधल्या एका मोकळ्या जागेचा आहे.

आता एक कविता जवळून

नाशिकमध्ये बसून कविता शिकायची आणि कुसुमाग्रजांना वगळायचं, हे जमणारं नाही. त्यांची 'कणा' बहुतेकांना पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच ती नीट वाचायची राहून जाते. पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी पावसात सरांकडे येतो. तो पहिल्यांदा काय सांगतो? 'गंगामाई पाहुणी आली'. ज्या नदीनं संसार धुऊन नेला, तिला तो पाहुणी म्हणतो. नाशिककराला ही गंगामाई कोण ते सांगावं लागत नाही. ती नदी आहे, आई आहे आणि आता घरी आलेली पाहुणी आहे. चेतनगुणोक्ती म्हणा, रूपक म्हणा. पण पाहुण्याबद्दल तक्रार करायची नसते, ही आपली रीत या एका शब्दामागे उभी आहे. म्हणून तो माणूस रडत नाही. कवीनं 'तो स्वाभिमानी होता' असं कुठे लिहिलेलं नाही.

पुढे तीच नदी चार भिंतींत नाचते, ती 'माहेरवाशिण पोरीसारखी'. आता इथे 'सारखी' आहे, म्हणजे उपमा. पण पाहुणीपेक्षा माहेरवाशीण आणखी जवळची: ती हक्कानं येते, घर डोक्यावर घेते आणि जाताना रिकाम्या हातानं जात नाही. उपमानाची निवड करतानाच कवीनं पुढच्या लुटीची तयारी करून ठेवली. नुसती 'इथे उपमा आहे' एवढी नोंद केली असती, तर हे हातचं गेलं असतं. शेवटी नदी काय ठेवून जाते? प्रसाद म्हणून पापण्यांवरती थोडं पाणी. प-प-प असा ओठ मिटत-उघडत जाणारा अनुप्रास, आणि अश्रूंना अश्रू न म्हणणं.

एकच शब्द आणखी. कपडे 'कर्दमलेले' होते. 'चिखलाने भरलेले' का नाही? कर्दम हा संस्कृत शब्द, त्याला मराठी क्रियापदाचा साज चढवला. बाकीची कविता घरगुती बोलीत चालली असताना हा एकच शब्द जड, ओला आणि लदबदलेला येतो, अंगाला चिकटलेल्या कपड्यासारखा. हे कुठल्या अलंकारात बसत नाही. याला शैली म्हणतात.

शैली ओळखायची सोपी युक्ती

कविता घ्या आणि तिच्यातला एक-एक शब्द बदलत जा. जिथे बदलल्यावर काहीच बिघडत नाही तिथे कवी नाही. जिथे बिघडतं तिथे कवी उभा आहे. बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' मधला 'चुल्हा' काढून शुद्ध 'चूल' घाला. अर्थ तोच राहतो, पण खानदेशातलं ते स्वयंपाकघर आणि चटका बसलेला तो हात, दोन्ही निघून जातात. ज्ञानेश्वर एका उपमेवर थांबत नाहीत, एकापाठोपाठ एक दृष्टांत ओवत जातात. तुकोबा एका फटक्यात काम करतात. कुसुमाग्रजांकडे एकाच कवितेत तालेवार संस्कृत शब्द आणि चुलीजवळचा शब्द एकमेकांना खेटून बसतात. अशी दोन-तीन कवींची चाल कानात बसली की नाव झाकलेली कविताही पुष्कळदा ओळखू येते. आमच्याकडे हा खेळ चालतो. हरणाऱ्यानं सगळ्यांचा चहा करायचा.

रसांबद्दल मुद्दाम थोडक्यात. भरतमुनींनी आठ सांगितले, शांत हा नववा पुढे त्यांच्यात आला. रस ही वाचकाच्या मनात घडणारी गोष्ट आहे. 'करुण रस आहे' असं लिहिण्याआधी तुम्हाला स्वतःला काही झालं का, एवढं प्रामाणिकपणे विचारा. नसेल झालं तर रकाना रिकामा ठेवा.

पुस्तकं आणि जागा

सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावात आहे; कवितेच्या कपाटासमोर तासभर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. कुसुमाग्रजांचा कवितासंग्रह 'विशाखा' १९४२ चा, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. २७ फेब्रुवारीला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला गावात कविता ऐकायला मिळतात. त्या दिवशी वही घेऊन जा आणि फक्त आवाज टिपा, अर्थ घरी आल्यावर.

आणि मग स्वतः एक ओळ

अलंकार खरा कळतो तो स्वतःची तुलना फसल्यावर. नवा माणूस पहिल्या कवितेत हमखास चंद्रासारखा चेहरा आणि मोत्यांसारखे दात घेऊन येतो. ही उपमानं झिजून गुळगुळीत झालेली नाणी आहेत. चालतात, पण त्यांवरचा छाप दिसत नाही. उपाय म्हणून आम्ही एक अट घातली आहे: उपमान गेल्या आठ दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात निफाडकडचा एक मुलगा यायचा. घरची द्राक्षबाग. त्यानं पहिल्या रविवारी लिहिलं होतं, 'द्राक्षांचे घड पाचूंसारखे'. आम्ही विचारलं, पाचू कधी पाहिलास? नव्हता पाहिला. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. पारा असा उतरला की मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून ऊब आणि धूर धरतात. पुढच्या रविवारी तो झोपाळलेल्या डोळ्यांनी आला आणि वहीतली ओळ वाचून दाखवली:

बाप रात्रभर बागेला शेक देत होता,
बाळंतिणीला द्यावा तसा

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग एकानं विचारलं, हा अलंकार कुठला? त्यानं मान हलवली आणि वही पिशवीत टाकली. सव्वाबाराची एसटी पकडायची होती, बागेत औषध मारायचं राहिलं होतं.